हेमूकाकांच्या पडवीतली पेटी

हेमूकाका वर्गणी मागत नसत. ते नुसते बसत. दुपारी जेवणाच्या सुमारास एखाद्याच्या घरी जायचं, खुर्ची दाराच्या तोंडाशी ओढून घ्यायची, फोडणीच्या वासाचं कौतुक करायचं, मुलाच्या परीक्षेची आणि म्हातारीच्या गुडघ्यांची चौकशी करायची आणि मग गप्प व्हायचं. ते गप्प बसणं इतकं भरीव असे की पानावरचा भात निवायच्या आत यजमान आपण होऊन पाकीट काढी. कर्जतच्या वडाच्या आळीत याला 'काकांचं धरणं' म्हणत, आणि धरण्याला बसलेला माणूस उठेपर्यंत जेवता येत नाही हे आळीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

आळीत वड नव्हता. तो कधीकाळी रस्तारुंदीत गेला आणि जाताना आळीला नाव व आळीच्या तोंडाशी एक मोकळा कोपरा तेवढा ठेवून गेला. वडाच्या पश्चात आळीला सावली देण्याचं काम हेमचंद्र ऊर्फ हेमूकाकांनी अंगावर घेतलं. भिवपुरीच्या वीजकेंद्रात स्टोअरमध्ये नोकरी करून ते निवृत्त झाले होते. पण त्यांची खरी नोकरी म्हणजे आळीच्या मित्रमंडळाचं कार्यवाहपद. मंडळाचे अध्यक्ष बदलत, कार्यवाह बदलत नसे. याचं कारण साधं आहे. अध्यक्षाला हार मिळतो आणि कार्यवाहाला हार आणावा लागतो.

गणपती, कोजागिरी, रक्तदान, कुठल्या पूरग्रस्तांना चादरी, कुठल्या आश्रमशाळेला दप्तरं, काकांचा उत्साह सगळीकडे सारख्याच वेगाने उतू जाई. मंडळाच्या सतरंज्या, खुर्च्या, माईक, तोरणाच्या दिव्यांचे गुंते, सगळं त्यांच्याच पडवीत असे. त्यामुळे घराला कडी अशी लागतच नसे. कुणी माईक न्यायला येई, कुणी खुर्ची परत करायला, आणि जो येई तो मालतीकाकूंच्या हातचा चहा पिऊन जाई. काकू काही बोलत नसत. गाळणं सतत ओलं असलेल्या बाईला बोलायला सवड नसते.

वर्षातला एकच दिवस काकूंचा स्वतःचा होता. चैत्रगौरीचं हळदीकुंकू. सासूने दिलेली बोटभर उंचीची पितळी गौर, तिला लाकडी पाळणा, पुढे पायऱ्यांची आरास, अंगणात चैत्रांगण. त्या दिवशी काकूंची कैरीची डाळ खायला बाजारपेठेपलीकडून बायका येत. पडवीत चपलांचा असा ढीग पडे की निम्म्या बायका दुसरीच्या चपला घालून घरी जात आणि त्या बदलण्याच्या निमित्ताने दुसऱ्या दिवशी परत येऊन उरलेली डाळ संपवत. हेमूकाकांना त्या दिवशी माजघरात यायला बंदी होती. ते दाराआड उभं राहून पन्ह्याचे पेले भरत आणि आतल्या हशाचा आवाज ऐकत. पुढे आयुष्यात त्यांना तो आवाज आठवत राहणार होता. पण तेव्हा तो त्यांना नुसता गोंगाट वाटे.

एका वैशाखात समोरच्या इंदूबाई गेल्या. मुलगा ऑस्ट्रेलियात. तो येईपर्यंत थांबायचं ठरलं आणि खोपोलीच्या शिळफाट्यावरून टेंपोने बर्फाच्या लाद्या आणल्या. कर्जतचा वैशाख आणि बर्फ यांचं काही जमत नाही. लाद्या वितळत होत्या, भुसा चिकटत होता, आणि इंदूबाईंच्या दारातून निघालेला ओघळ आख्ख्या आळीभर वाहत होता. माणसं कामावर जाताना तो ओलांडत, ओलांडताना हात जोडत आणि जोडलेल्या हातांनी विजार वर धरत. त्या दोन दिवसांत हेमूकाकांनी इतक्या बादल्या उपसल्या की मुलगा आला तेव्हा त्याने आईआधी त्यांनाच धरून रडून घेतलं.

तेराव्याच्या जेवणानंतर सुपारी कातरता कातरता सभा झाली आणि मंडळाने ठराव केला. आळीची स्वतःची शवपेटी हवी. विजेवर थंड होणारी, काचेच्या झाकणाची. नुसती आळीला नव्हे, कर्जत-खालापुरात ज्याला लागेल त्याला फुकट द्यायची. मोठ्या कामाच्या कल्पनेने माणसं मोहरतात तशी आळी मोहरली.

पैसे जमवायला आनंदमेळा भरवला. आळीतल्या बायकांनी पदार्थ करायचे आणि आळीतल्याच माणसांनी ते विकत घेऊन खायचे, ही आपली जुनी व्यवस्था. माईक अर्थातच हेमूकाकांच्या हातात. "गरमागरम वडे, शवपेटीच्या मदतीला," असं ते तासभर ओरडत होते. मग कुणीतरी लक्षात आणून दिल्यावर त्यांनी सुधारून, "शवपेटीसाठी थंडगार सरबत," असं सुरू केलं. पण लोकांनी खाल्लं. सढळ हाताने खाल्लं. रात्री गाण्यांचा कार्यक्रम झाला, त्यात विरहगीतांना वन्समोअर मिळाला, आणि जे कमी पडलं ते काकांनी चार दुपारी चार घरी बसून पुरं केलं.

पेटी आली तेव्हा उद्घाटनाची पंचाईत झाली. नारळ फोडायला एरवी तीन पक्षांत मारामारी असते. इथे तिन्ही पक्षांचे पुढारी नेमके त्याच दिवशी लग्नाला गेले. शेवटी हार काकांनीच आणला आणि काकांनीच घातला. भाषण केलं मंडळाचा नवा अध्यक्ष यज्ञेश याने. यज्ञेश फार्महाऊसचे प्लॉट विकायचा. डोंगर दिसत असेल तर 'माउंटन व्ह्यू', नदी पावसाळ्यात घरात येत असेल तर 'रिव्हर टच', अशी त्याची भाषा. सवयीने त्याने शेवटी सांगून टाकलं, "या सुविधेचा आळीतल्या प्रत्येक कुटुंबाने पुरेपूर लाभ घ्यावा." टाळ्या पडता पडता थबकल्या.

आणि मग सगळे घरी निघाले तेव्हा कळलं की पेटी कुठे ठेवायची हे ठरवायचंच राहिलं.

वर्गणी, कोटेशन, देणगीदारांच्या नावांची पाटी, पाटीवरच्या नावांचा क्रम, या सगळ्यावर सभा झाल्या होत्या. पाटीच्या क्रमावर तर दोन. जागेवर एकही नाही. प्रत्येकाच्या मनात ती दुसऱ्या कुणाच्या तरी घरी आधीच ठेवलेली होती. समाजमंदिराचे विश्वस्त म्हणाले, आमच्याकडे लग्नं लागतात. नदीकाठच्या स्मशानात विजेचा पॉइंट नव्हता आणि पावसाळ्यात तिथे पाणी चढे. सरकारी दवाखान्यात जागा नव्हती. आभाळ भरून आलं होतं. हेमूकाका म्हणाले, "आजची रात्र माझ्याकडे राहू दे."

ती रात्र चार वर्षं झाली तरी सरली नाही.

पेटीचा लाभ मात्र लोकांनी खरोखर घेतला. कडाव, नेरळ, पार खालापूरच्या वाड्यांपर्यंत काकांचा नंबर पोचला. फोनवर कुणी वस्तूचं नाव घेत नसे. "ती घरी आहे का?" असं दबक्या आवाजात विचारत. फोन काकूंनी उचलला की पलीकडचा माणूस आणखी दबे. काका कधी नाही म्हणाले नाहीत. पेटी परत आली की दाढीचा आरसा पुसावा तशी काच पुसत, फिनेलने आतून धूत, वायर तपासत, आणि पडवीत पूर्वेच्या भिंतीला लावून वर मंडळाची चादर घालत. कुणाच्या घरचं दुःख थोडं हलकं केलं म्हणून रात्री त्यांना झोप छान लागे.

इकडे पडवीतली वर्दळ कधी आटली ते त्यांना कळलंच नाही. आधी खुर्च्या गेल्या. "काका, तुम्हाला अडचण होते, आम्ही समाजमंदिरात ठेवतो," असं म्हणत पोरांनी मायेने नेल्या. मग सतरंज्या गेल्या. माईक यज्ञेशच्या गॅरेजमध्ये गेला. दूधवाला पिशवी फाटकाला अडकवू लागला. संक्रांतीला तिळगुळाची पोरं शेजारच्या घरापर्यंत येत आणि पुढचं घर सोडून त्यापुढच्या घरी जात, इतक्या सफाईने की वाटेत खड्डा असावा. कुणी वाईट बोललं नाही. उलट काका रस्त्यात भेटले की लोक पूर्वीपेक्षा जास्त वाकून नमस्कार करत. फक्त तो नमस्कार आता रस्त्यातच होई.

पेटीनंतरच्या पहिल्या चैत्रात काकूंकडे पाचसहा बायका आल्या. त्यांनी डाळ उभ्याने खाल्ली. दुसऱ्या चैत्रात एक मावशी आल्या, त्यांना डोळ्यांनी कमी दिसे. तिसऱ्या चैत्रात काकूंनी परातभर डाळ मोलकरणीला दिली. तिनेही ती बाहेर जाऊन खाल्ली.

त्या संध्याकाळी काकू पहिल्यांदा बोलल्या. "अहो, तुमचं पुण्य तुमच्याकडे राहू दे. मी काही म्हणत नाही. पण पुढच्या चैत्रात माझ्या घरात बायका बसलेल्या दिसल्या पाहिजेत. नाहीतर मी गौर बसवणार नाही."

गाळणं खाली ठेवून बोललेलं ते वाक्य काकांना लागलं. त्यांनी शब्द दिला. पेटीला वर्षाच्या आत स्वतःचं घर मिळेल.

योग असा की त्याच पावसाळ्यानंतर आळीच्या सुशोभीकरणाला मंजुरी आली. पेव्हर ब्लॉक, झाकलेली गटारं, दिव्यांचे खांब, बाकडी. हेमूकाका पेटून उठले. वडाच्या मोकळ्या कोपऱ्यात एक छोटी पत्र्याची शेड, आत विजेचा पॉइंट, दाराला कुलूप. एवढंच जादा हवं होतं. त्यांनी अर्ज लिहिला आणि घरोघर जाऊन सह्या घेतल्या. या वेळी धरणं धरावं लागलं नाही. पेटी काकांच्या घरातून हलावी असं कुणाला वाटत नव्हतं? लोकांनी दारातच, पेन त्यांच्या हातातून ओढून घेऊन सह्या केल्या. यज्ञेशने तर सहीखाली दोन रेघा मारल्या.

नकाशावर शेड आली. आणि मग ती नकाशावर फिरू लागली. कोपऱ्याला लागून यज्ञेशच्या घराची भिंत होती. तो म्हणाला, आळीच्या तोंडाशीच हे दाखवलं तर येणाऱ्या माणसाला काय वाटेल. म्हणून ती शेपटाकडे सरकली. शेपटाशी शाळेची बस थांबत होती. म्हणून ती मधे आली. मधल्या घरातल्या सुनेला दिवस गेले होते. अशी प्रदक्षिणा घालून शेड पुन्हा कोपऱ्यात आली, आणि यज्ञेश हसून म्हणाला, "काका, तुम्ही काळजी करू नका. कोपऱ्याचं मी बघतो."

शिमगा झाला आणि काम सुरू झालं. हेमूकाका घरचं कार्य असल्यासारखे उन्हात उभे. मजुरांना चहा, मुकादमाला सल्ला, ब्लॉक तिरका बसला की स्वतः उकिडवं बसून तो सरळ. आणि पाडव्याच्या आधी एका सकाळी त्यांनी पाहिलं, कोपऱ्यात चौकोन धरून चार खड्डे खणलेले. खोल, शेडच्या खांबांना हवेत तसेच. काका तिथून घरी चालत आले नाहीत, जवळजवळ धावत आले.

"मालती, पाया खणला," ते म्हणाले.

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग माळ्यावरून पाळणा काढायला लावला. चिंच लावून गौर उजळली. कितीतरी दिवसांनी त्या आळीत निघाल्या आणि दारोदार आमंत्रण देऊन आल्या. येत्या शुक्रवारी, पाच वाजल्यापासून. पेटी आता जाणार, पडवी मोकळी होणार, हेही सांगत आल्या. बायका म्हणाल्या, अगं बाई, येणारच. काकू परत आल्या तेव्हा त्यांच्या चालण्यात काहीतरी तरुण होतं. काकांनी हरभऱ्याची डाळ आणली ती पूर्वीच्या मापाने.

बुधवारी टेंपो आला. त्यातून खांब उतरले नाहीत. उतरला एक लोखंडी बदाम. लालभडक, पुरुषभर उंच, कडेने दिव्यांची माळ, मधे 'माझी आळी, माझा अभिमान'. त्याचे चार पाय त्या चार खड्ड्यांत असे बसले की जन्मापासून तिथेच असावेत. काका पाहत राहिले. मुकादम म्हणाला की हा सेल्फी पॉइंट, नकाशात आहे. नकाशा नवा होता. त्यात शेड नव्हती.

यज्ञेश घरी जेवायला बसला होता. काका तिथे गेले. खुर्ची ओढली नाही, फोडणीचा वास घेतला नाही.

"शेड कुठंय?" त्यांनी उभ्याउभ्याच विचारलं.

"काका, बसा ना. सानवी, काकांना ताक दे." यज्ञेशने घास खाली ठेवला. "त्याचं असं झालं, की सुशोभीकरणाच्या खर्चाच्या हेडमध्ये शेड बसत नव्हती. आणि आळीचं पण मत पडलं की जरा पॉझिटिव्ह काहीतरी असावं."

"सह्या केल्या होत्या सगळ्यांनी."

"केल्या होत्या. पेटी तुमच्या घरातून हलवावी म्हणून केल्या. आपल्या घराशेजारी आणावी म्हणून कुणी केल्या, सांगा बरं?"

काकांनी गॅरेजकडे पाहिलं. ते म्हणाले, "मग महिनाभर तुझ्याकडे ठेव. गॅरेजमध्ये. चैत्र जाईपर्यंत."

"काका, माझ्या घरात लहान मूल आहे."

"माझ्या घरात बायको आहे, यज्ञेश."

ताकाचा पेला घेऊन सानवी दारात उभी होती. ती यज्ञेशची बायको आणि आळीच्या महिला गटाची प्रमुख. गोड बोलायची, आणि मनापासून गोड बोलायची हाच तिच्याबाबतीत प्रश्न होता. तिने पेला पुढे केला आणि तोडगा सांगितला. शुक्रवारी त्या बदामाचं उद्घाटन होतंच. तिथेच सामुदायिक हळदीकुंकू ठेवू. काकूंनी गौर आणि डाळ तिकडेच आणावी. कुणाच्याच घरी जायला नको, कुणालाच अवघड नको. शिवाय काकांचा सत्कारही करायचा आहे, एवढं पेटीचं काम करतात ते. सानवीच्या डोळ्यांत खरंखुरं पाणी आलं. काकांनी ताक घेतलं नाही. त्यांच्या आयुष्यात ते पहिलंच.

घरी येऊन त्यांनी सगळं सांगितलं. काकू कैऱ्या किसत होत्या. किसून झाल्यावर म्हणाल्या, "माझी गौर रस्त्यावर बसत नाही." आणि दुसरी कैरी घेतली.

शुक्रवारी पाच वाजता त्यांनी घरातच आरास मांडली. अंगणात चैत्रांगण काढलं. डाळीची परात, पन्ह्याचं पातेलं, भिजवलेले हरभरे. नऊवारी नेसून त्या गौरीपाशी बसल्या. साडेपाचला कोपऱ्यावर गाणी लागली. आळीतल्या बायका जरीच्या साड्या नेसून, हसत, नव्या ब्लॉकवरून टाचा वाजवत फाटकावरून गेल्या. दोघीतिघींनी वळून, "काकू, येताय ना तिकडे?" असं विचारलं. आत कुणी आलं नाही.

सहा वाजता माईकवर काकांचं नाव पुकारलं. एकदा, दोनदा. काका पडवीत येरझारा घालत होते. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांची नावं पुकारली होती, आता स्वतःचं ऐकून ते येरझारा घालायचे थांबले.

"जा तुम्ही," काकू आतून म्हणाल्या. "शाल घेऊन या."

त्या आवाजात राग नव्हता. राग असता तर काका गेले नसते. पाच मिनिटांत येतो म्हणाले आणि गेले. यज्ञेशने शाल घातली, नारळ दिला, त्यांना 'आळीचा निःस्वार्थ आधारवड' म्हटलं. बदामात उभं करून फोटो काढला. फोटोत काका हसलेले आहेत. सवय जाता जात नाही.

खांद्यावर शाल, हातात नारळ घेऊन ते परतले तर पडवीच्या पायरीशी कडावचा कोंडाजी उभा. ओळखीचा, भातशेतीवाला, म्हशी राखणारा. फाटकाबाहेर त्याच्या पुतण्याचा टेंपो. दुपारी त्याची आई अंबाबाई गेली होती. तिची मुलगी अक्षदा इंदूरला दिलेली, ती उद्या दुपारपर्यंत पोचणार. काकूंनी चादर काढून पेटी पुसून ठेवली होती, वायर गुंडाळली होती. आणि दारात हातात पन्ह्याचा पेला धरून उभ्या होत्या.

"घे कोंडाजी. उन्हातून आलास. दुपारपासून पोटात काही नसेल तुझ्या."

कोंडाजीने आत पाहिलं. आरास, पाळणा, गौर. तो दोन पावलं मागे सरकला.

"देवीचं हाय ना, काकी? नको. आमाला सुतक हाय. देवीचं आमी आज शिवायचं नाय." मग काकूंचा चेहरा पाहून बिचारा ओशाळला. "फिटल्यावर येईन ना मी. तुमी वाईट नका वाटून घेऊ."

"नाही रे," काकू म्हणाल्या. पेला मात्र त्यांनी खाली ठेवला नाही. त्या तशाच उभ्या राहिल्या. काकांना त्या क्षणी लख्ख दिसलं की गेल्या चार वर्षांत त्यांच्या घरी जो जो मनापासून, गरजेने आला, तो सुतकात होता. ज्यांना सुतक नव्हतं ते कोपऱ्यावर होते. या घरचं पन्हं घेणारा माणूस आता जगात उरला नव्हता.

त्यांनी नारळ पायरीवर ठेवला आणि पेटीला हात घातला. तिघांनी मिळून ती टेंपोत चढवली. टेंपो निघाला आणि आळीच्या तोंडाशी अडला. बदामापुढे खुर्च्यांच्या रांगा, आडव्या. यज्ञेश घाईने आला. टेंपोत काय आहे ते पाहून त्याने आवाज खाली आणला.

"काका, अर्धाच तास. ओट्या भरायच्या राहिल्यात. बायकांना कसं वाटेल?"

"त्याची आई दुपारपासून उकाड्यात आहे," काका म्हणाले.

"अर्ध्या तासाने काय फरक पडतो?"

 काका पुढे झाले आणि पहिली खुर्ची उचलून बाजूला ठेवली. मग दुसरी. खुर्च्या मंडळाच्याच होत्या. त्यांचा कुठला पाय हलतो हे काकांना अंधारातही सांगता आलं असतं. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग आलं, तेव्हा गाणं थांबलं. बायका उठल्या, पदर सावरले, लेकरं पोटाशी धरली आणि दोन्ही बाजूंना भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. त्या मोकळ्या झालेल्या वाटेतून, अंगावर सत्काराची शाल घेतलेले हेमूकाका पुढे आणि मागे सावकाश टेंपो, असे दोघे बदामावरून गेले. कुणीतरी कुंकवाचा करंडा झाकला. सानवी रडत होती, आणि तिला रडताना पाहून तिचं मूल रडत होतं.

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या ग्रुपवर यज्ञेशचा मोठा निरोप आला. काकांचं वय आणि तब्येत पाहता कार्यवाहपदाची जबाबदारी आता तरुणांनी घ्यावी, त्यांच्या प्रदीर्घ सेवेबद्दल मंडळ ऋणी आहे. खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. पेटीबद्दल मात्र कुणी काही लिहिलं नाही. ती कार्यवाहाकडे असते असा नियम नव्हताच.

गौर उठते त्या अक्षय्यतृतीयेपर्यंत काकूंनी वाट पाहिली नाही. सोमवारी मुलगा अजेय पुण्याहून गाडी घेऊन आला. काकूंनी पाळणा सुटा करून चादरीत गुंडाळला आणि गौर डब्यात कापूस घालून ठेवली. हे समजुतीने झालं, भांडून नाही. काकांनी विचारलं, किती दिवस. काकू म्हणाल्या की गौर आता तिकडेच बसेल. अजेयच्या सोसायटीत बायका येतात म्हणे, लिफ्टने येतात, पण येतात.

"तुम्ही पण चला," त्या म्हणाल्या. अजेयही म्हणाला.

काकांनी पडवीकडे पाहिलं. पेटी कडावहून आली होती, धुवायची होती. खालापूरहून एकाचा सकाळीच फोन होता, त्यांची म्हातारी आज-उद्याची होती. "मी गेलो तर हिला बघणार कोण?" ते म्हणाले, आणि बोलल्यावर त्यांना समजलं की आपण कुणाच्या तोंडावर काय बोललो.  काकूंनी पदर खोचला, गाडीत बसल्या, डबा मांडीवर घेतला. डाळ भिजवायचं पातेलं सोबत न्यायचं राहिलं. काका ते घेऊन फाटकापर्यंत आले, तोवर गाडी नव्या ब्लॉकवरून अजिबात न हिंदकळता निघून गेली होती. रस्ता छानच झाला होता.

चार दिवसांनी सानवी फाटकाशी आली. हातात डबा होता, काकांसाठी पोळी-भाजी. ब्लॉक संपतात तिथे ती थांबली आणि डबा फाटकावरून पुढे केला.

"काकूंशिवाय आळी कशी सुनी वाटते," ती म्हणाली. "कधी येणार परत?"

"तुम्ही घरी आलात की," काका म्हणाले.

सानवीने पडवीत पाहिलं. पेटी धुऊन झाली होती, झाकण उघडं टाकून सुकत होती.

"येते ना काका, नक्की येते एकदा," ती म्हणाली, आणि डबा रिकामा झाला की फाटकालाच अडकवून ठेवा असं सांगून गेली.